कोरियाला बिनबियांचं कलिंगड आठवतं, मोहरीचा त्रिकोण का नाही?

उंबर

दक्षिण कोरियात शाळा शिकलेल्या कुणालाही वू जांग-चुन कोण, असं विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर येतं: बिनबियांचं कलिंगड. तिथल्या पाठ्यपुस्तकांतही अनेक वर्षं हेच होतं. प्रत्यक्षात ते कलिंगड घडवलं जपानच्या हितोशी किहारा यांनी. वू यांनी ते कोरियात आणलं आणि शेतकऱ्यांना लावून दाखवलं.

त्यांचं स्वतःचं सर्वांत मोठं काम १९३५ चं आहे आणि ते आपल्या मिसळणाच्या डब्यापर्यंत पोचतं. मोहरीच्या कुळातल्या सहा जाती घ्या. त्यातल्या तीन मूळ: सलगम आणि चिनी कोबी जिच्यात मोडतात ती जात, काळी मोहरी, आणि कोबी-फ्लॉवरची जात. त्यांच्या परागकणांत गुणसूत्रं अनुक्रमे १०, ८ आणि ९. उरलेल्या तीन जातींत १८, १९ आणि १७. दोन-दोन मूळ जातींची बेरीज करून पाहा, लगेच उलगडेल. पहिल्या दोघींच्या संकरातून आपली रोजची मोहरी झाली, पहिली आणि तिसरी मिळून तेलासाठी लावतात ते रेपसीड, आणि दुसरी व तिसरी मिळून इथिओपियातली मोहरी. वू यांनी हे नुसतं कागदावर मांडलं नाही. सलगमाची जात आणि कोबीची जात यांचा संकर करून त्यांनी रेपसीड पुन्हा घडवून दाखवलं. दोन जाती एकत्र येऊन तिसरी उभी राहू शकते, याचा इतका स्वच्छ पुरावा त्या काळात फार थोड्या ठिकाणी होता. जगभर याला ‘वूचा त्रिकोण’ म्हणतात.

आता आयुष्य. वडील कोरियन लष्करी अधिकारी, १८९५ मध्ये राणी म्यंगसंगच्या हत्येच्या कटात सामील. ते जपानला पळाले, तिथे जपानी स्त्रीशी लग्न केलं, आणि १९०३ साली कुरे शहरात एका कोरियन माणसानं त्यांना ठार मारलं. जांग-चुनचा जन्म १८९८ चा, म्हणजे पोर तेव्हा पाच वर्षांचं. आईनं हलाखीत वाढवलं. पुढे जपानच्या कृषी खात्यात संशोधन, १९३६ ला टोकियोची डॉक्टरेट, १९३७ ला सरकारी नोकरी सोडून क्योतोच्या ताकीई बियाणे कंपनीत. मार्च १९५० मध्ये बायको-मुलांना जपानात ठेवून हा माणूस कोरियाला गेला आणि १९५९ साली तिथेच वारला.

माझं मत असं की नव्या देशाला चटकन दिसणारा चमत्कार हवा असतो आणि त्या हव्यासात खरं संशोधन झाकलं जातं. तुम्हाला काय वाटतं?

तिखटमीठ

म्हणजे रोज पोह्यांच्या फोडणीत मी दोन जातींचा अख्खा वारसा तडतडवते तर! लेकीला ती बेरीज करून दाखवली, तिला फार आवडली.

सदूभाऊ

वाचतोय. किमचीबद्दल, म्हणजे त्या कोरियन आंबवलेल्या कोबी-मुळ्याबद्दल येऊ द्या.

शिवार

भाजीपाला बीजोत्पादनात आयुष्य गेलं, त्यामुळे राहवत नाही.

उंबरताई, कलिंगडाला इतकं खाली ओढू नका. १९४५ पर्यंत कोरियाला कोबी-मुळ्याचं चांगलं बियाणं जपानकडून येत होतं. कोरियावरचं जपानचं राज्य गेलं, बियाण्याची वाटही बंद झाली. किमची करणाऱ्या देशात कोबी आणि मुळ्याचं बी नाही, म्हणजे काय हाल असतील बघा. वू यांना बोलावलं ते एवढ्यासाठी. आल्यावर त्यांनी शेतकऱ्यांना सांगायचं काय? की संस्थेत पैदास केलेलं बी घरच्या बियापेक्षा चांगलं? कोणता शेतकरी नुसत्या बोलण्यावर मानतो? हातात कापून दिलेलं बिनबियांचं कलिंगड मात्र मानतो. तो प्रात्यक्षिकाचा प्लॉट होता आणि अशा प्लॉटशिवाय कुठलंही वाण आजवर गावात शिरलेलं नाही.

सदूभाऊंसाठी: कोबीच्या कुळातली बरीच झाडं स्वतःचे परागकण स्वतःच नाकारतात. याचा फायदा म्हणजे दोन वेगळे वाण शेजारी लावले की मधमाश्या आपोआप संकर करून देतात, दोन्ही ओळींवर संकरित बी धरतं. तोटा हा की ते मूळ वाण टिकवायचे कसे? झाड तर स्वतःचं परागण होऊ देत नाही. मग फूल उमलायच्या आधी, नकार द्यायची यंत्रणा तयार व्हायच्या आत, चिमट्यानं कळी उघडायची आणि त्याच झाडाचे पराग आत टेकवायचे. प्रत्येक कळी हातानं. हंगामभर बायका-माणसं वाकून हेच करतात. पाठ्यपुस्तकात चित्र काढायचंच तर मी याचं काढीन.

उंबर

शिवारदादा, प्लॉट म्हणून कलिंगड मलाही मान्य आहे, आणि ते आपण शोधल्याचा दावा वू यांनी केला नव्हता. माझी तक्रार नंतरच्यांवर. दाखवणाऱ्याला त्यांनी शोधणारा करून टाकलं आणि किहारांचं नाव पुसलं. त्या कळ्या उघडणाऱ्यांचं नाव तर कुठेच नाही.

पेशीजाल

उंबर यांच्या मुद्द्याला धरून ह्वांग वू-सक प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. मी तेव्हा पेशी-संवर्धनात पीएचडी करत होतो. आमच्या प्रयोगशाळेत त्यांचे शोधनिबंध भिंतीवर लावलेले होते.

२००४ मध्ये ‘सायन्स’मध्ये दावा: क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी घडू शकतात अशा पेशी. २००५ मध्ये पुढचा दावा: रुग्णांच्या स्वतःच्या पेशींपासून ११ मूलपेशी-वंश, म्हणजे प्रयोगशाळेत वाढत राहणारे पेशींचे संच. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचा पशुवैद्यकाचा प्राध्यापक एका रात्रीत राष्ट्रपुरुष झाला. टपाल तिकीट निघालं, त्यावर व्हीलचेअरवरून उठून चालू लागणारा माणूस. सरकारनं ‘सर्वोच्च वैज्ञानिक’ ही पदवी दिली. नोव्हेंबर २००५ मध्ये एमबीसी वाहिनीच्या ‘पीडी नोटबुक’ या कार्यक्रमानं स्त्रीबीजं कशी मिळवली यावर प्रश्न विचारले, तर लोक वाहिनीवरच तुटून पडले, जाहिरातदार पळाले, आणि शेकडो बायकांनी आपली बीजं द्यायची तयारी दाखवली.

मग डिसेंबरात ब्रिक या जीवशास्त्रज्ञांच्या संकेतस्थळावर कुणीतरी निनावी लिहिलं: पुरवणीतली छायाचित्रं बघा, वेगवेगळ्या पेशी-वंशांच्या नावाखाली एकाच चित्राचे तुकडे आहेत. तरुण संशोधक, बहुतेक विद्यार्थी, रात्र रात्र बसून जोड्या लावत राहिले. पाठोपाठ डीएनएच्या आलेखांतल्या गफलती सापडल्या. विद्यापीठाच्या चौकशी समितीनं १० जानेवारी २००६ ला अंतिम अहवाल दिला: एकही क्लोन मूलपेशी-वंश नाही. दोन्ही निबंध मागे घेतले गेले. २००९ मध्ये निधीचा अपहार आणि जैवनीतिशास्त्राच्या कायद्याचा भंग यासाठी शिक्षा झाली, तुरुंगवास स्थगित ठेवून.

बाहेरच्या कुठल्या बड्या संस्थेनं नव्हे, ज्यांची त्याच देशात नोकरी शोधायची बाकी होती त्या पोरांनी हे उघड केलं. म्हणून मला ते प्रकरण कोरियन विज्ञानाची शरम वाटत नाही.

भटकी_विद्यार्थिनी

आणि स्नपी? तो कुत्राही खोटा होता का?

पेशीजाल

नाही. स्नपी हा जगातला पहिला क्लोन केलेला कुत्रा, जन्म एप्रिल २००५, आणि तपासणीत तो अस्सल ठरला. कुत्र्याचं बीजांड शरीराबाहेर परिपक्व करणं फार अवघड, तेव्हा काम खरोखर मोठं होतं. याचंच वाईट वाटतं. त्या हातांना खोटं बोलायची गरज नव्हती.

अण्णा_वाईकर

पेशीजाल, माहिती उत्तम, पण वू आणि ह्वांग यांना एका माळेत ओवू नका. एकाबद्दल इतरांनी दंतकथा रचली, दुसऱ्यानं स्वतः आकडे रचले. समाज दोन्हीकडे तोच, माणसं वेगळी. मी इतिहास शिकवला आहे. नायकपूजेचा दोष सगळ्यांवर सारखा वाटून टाकला की ज्यानं केलं तो सुटतो.

पेशीजाल

अण्णा, माणसांची तुलना नव्हती करायची. भूक तीच, एवढंच म्हणणं होतं. पण तुमचा शेवटचा मुद्दा पटला.

दर्यावर्दी

थोडं अवांतर, पण कोरियन जीवशास्त्र म्हटलं की मला ली हो-वांग आठवतात, आणि त्यांची गोष्ट कोरियन युद्धातून सुरू होते.

१९५१ पासून हंतान नदीच्या परिसरात संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांना एक विचित्र ताप येऊ लागला. आधी ताप, मग रक्तस्राव, मग मूत्रपिंडं बंद. तीन हजारांवर सैनिक आजारी पडले आणि कारण सापडेना. युद्ध थांबलं, कारण तरीही सापडेना. ली मूळचे उत्तरेकडचे, फाळणीनंतर दक्षिणेत आलेले, अमेरिकेत मिनेसोटाला विषाणूशास्त्र शिकलेले. ते वर्षानुवर्षं सीमेजवळ उंदीर पकडत राहिले. तो भाग लष्करी, ताप तर साथीदारांनाही होऊ शकत होता आणि काहींना झालाही. १९७६ मध्ये पट्टेरी शेतउंदराच्या फुप्फुसात त्यांना विषाणू दिसला. त्यांच्या पद्धतीत बरे झालेल्या रुग्णाचं रक्तद्रव वापरायचं: त्यातली प्रतिपिंडं उंदराच्या ऊतीला जिथे चिकटतील, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली हिरवट चमक दिसते. विषाणूला नाव दिलं नदीचं, हंतान. १९९० मध्ये लसही आली.

भारताचा संबंध असा की त्याच युद्धात आपली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही लष्करी वैद्यकीय तुकडी होती, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. आणि युद्धविरामानंतर मायदेशी परतायला तयार नसलेले युद्धकैदी सांभाळायला गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात, आपले कोल्हापूरकडचे. त्या मुलुखात आपली माणसं त्याच मातीत तंबू ठोकून राहिली होती. शाळेत हे कधी ऐकलं नाही.

तिखटमीठ

थोरातांचं खरंच माहीत नव्हतं. माझ्या आजोळी एक फोटो आहे, बर्फात लोकरी टोप्या घातलेले मराठी जवान. आता मामाला विचारते कुठला ते.

चष्मेबद्दूर

दर्यावर्दी, भारताशी त्याहून थेट धागा आहे. १९६४ साली तमिळनाडूत वेल्लोरजवळ एका चिचुंद्रीतून एक विषाणू वेगळा केला होता, थोट्टपालयम. तो कुठल्या गटातला हे तेव्हा कळलं नाही. ली यांनी हंतान विषाणू ओळखल्यावर, नंतरच्या तपासण्यांत तोही त्याच घराण्यातला निघाला. म्हणजे या घराण्यातला संवर्धनात मिळालेला सर्वांत पहिला विषाणू आपल्या चिचुंद्रीचा. शीतकपाटात नमुना पडून होता, त्याला ओळख द्यायला हंतानकाठचा उंदीर लागला. नमुने जपून ठेवायला पैसे का द्यायचे असं विचारणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

सदूभाऊ

चिचुंद्रीकडे आता आदरानं बघावं लागणार.

भातखाचर

वाचून हुरूप आला, म्हणून भाताचं लिहितो.

कोरियाचा ‘तोंगिल’ भात. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचे हो मुन-हो फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेले. प्रश्न असा की कोरियात चालणारा आखूड दाण्याचा जापोनिका भात आणि उष्ण प्रदेशातला इंडिका यांचा संकर केला की पुढची पिढी बरीचशी वांझ निघते. त्यांनी आधी त्या दोन प्रकारांचा संकर केला आणि मग त्याला आयआर-८ या ठेंगण्या इंडिका वाणाशी जोडलं. त्या तिपेडी संकरातून ठेंगणा, खताला दाद देणारा वाण निघाला. १९७२ पासून सरकारनं तो देशभर लावायला लावला, १९७७ मध्ये तांदळात देश स्वयंपूर्ण झाल्याचं जाहीर झालं.

पण इंडिकाचं रक्त असल्यानं थंडी सोसेना आणि शिजल्यावर लोकांना हवा तसा चिकट होईना. जापोनिका लावू पाहणाऱ्या शेतकऱ्यांवर अधिकाऱ्यांनी जबरदस्ती केली, रोपवाटिका तुडवल्याच्या हकिकती आहेत. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. १९७८ ला करपा रोग आला, १९८० च्या थंड उन्हाळ्यात पीक कोसळलं, आणि पुढच्या दशकात तोंगिल शेतातून गेला.

उंबरताई, तुमच्या प्रश्नाला माझी पुस्ती: इथे चमत्कार खोटा नव्हता. पोटं भरली. घाई नडली ती एकच वाण सगळीकडे लादण्यात. दोन-तीन हंगाम थंड खोऱ्यांत चाचण्या वाढवल्या असत्या तर कुठे लावायचा नाही हे कळलं असतं.

शिवार

+१. एकाच वाणाखाली अख्खा तालुका गेला की रोगाला वाट मोकळी होते. हे आपल्याकडेही बघितलंय.

नीलपंख

पक्ष्यांचं राहिलं. वन होंग-गू हे कोरियाचे जुने पक्षीशास्त्रज्ञ. युद्धात कुटुंब फुटलं, ते प्योंगयांगला राहिले, मुलगा वन प्योंग-ओ दक्षिणेत आला आणि तोही पक्षीशास्त्रज्ञ झाला. पत्र नाही, निरोप नाही. १९६३ मध्ये मुलानं सोलमध्ये एका छोट्या मैनेच्या पायात कडं घातलं. कोरियन कडी नव्हती म्हणून जपानची वापरली होती. १९६५ मध्ये तो पक्षी प्योंगयांगमध्ये वडिलांच्या हाती आला. जपानी कडं असलेला, जपानात सहसा न दिसणारा पक्षी. त्यांनी चौकशी केली, आणि कळलं की कडं घालणारा आपला मुलगा. भेट मात्र झाली नाही, वडील १९७० साली गेले.

आणि फुलपाखरांचे सक जू-म्यंग. त्यांनी कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांचे पंख हजारोंनी मोजले आणि दाखवलं की परदेशी संशोधकांनी ज्यांना वेगळ्या जाती म्हणून नावं दिली, त्यातल्या कितीतरी एकाच जातीतले फरक आहेत. शेकडो नावं त्यांनी रद्द केली. १९५० च्या युद्धात सोलमधला त्यांचा संग्रह जळाला, आणि ऑक्टोबरात रस्त्यावर गोळी घालून त्यांना मारलं गेलं. जेमतेम चाळिशी ओलांडली होती.

भटकी_विद्यार्थिनी

नीलपंख, मैनेचं वाचून पुढे काही सुचेना.

हानगुक_डायरी

मी कोरियात पोस्टडॉक आहे, रोपांच्याच प्रयोगशाळेत. उशिरा आले धाग्यावर.

वू यांची संस्था बुसानच्या दोंगने भागात होती. ते आले आणि तीनेक महिन्यांत युद्ध पेटलं, पण बुसान शेवटपर्यंत पडलं नाही, म्हणून शेतं आणि बी वाचलं. संस्था सोलला असती तर आज हा धागाच नसता. त्या जागी आता त्यांचं संग्रहालय आहे. १९५३ मध्ये त्यांची आई जपानात वारली. सरकारनं त्यांना जाऊ दिलं नाही, परत येणार नाहीत या भीतीनं. देशभरातून सांत्वनाचे पैसे आले. संस्थेत पाण्याची टंचाई होती, त्या पैशांतून त्यांनी विहीर खणली आणि तिला आईच्या मायेचं नाव दिलं. विहीर अजून आहे.

प्रयोगशाळेतल्या मुलांना त्रिकोण माहीत असतो, कारण तो आमच्या कामाचाच भाग आहे. पण ‘वू’ म्हणजे तेच कलिंगडवाले, हे काहींना इथे आल्यावर कळतं. दोन वेगळी माणसं वाटत होती म्हणे. एकदा जेवताना यावरून गप्पा निघाल्या, तर एक मुलगी म्हणाली, शाळेत वडिलांचा उल्लेखच नव्हता.

अण्णा_वाईकर

हानगुक_डायरी, तुमच्या शेवटच्या वाक्यात मला धाग्याचं उत्तर दिसतं.

१९३५ चा त्रिकोण सांगायचा तर काय काय सांगावं लागतं बघा. हे काम जपानी सरकारी संशोधन केंद्रात झालं, जपानी नियतकालिकात छापलं गेलं, त्या वेळी कोरिया पारतंत्र्यात होता, आणि हे करणाऱ्याचा बाप राणीच्या खुनात होता. नुकत्याच सुटलेल्या, लगेच फाटलेल्या देशानं हे मुलांना कसं सांगावं? कलिंगडाची गोष्ट १९५० नंतर, कोरियाच्या भूमीवर सुरू होते. तिच्यात बाप नाही, जपान नाही, फक्त परतलेला मुलगा आहे. चमत्काराचा हव्यास असेलही, पण त्याहून मोठं कारण हे की त्रिकोण शिकवायचा तर सगळा इतिहास शिकवावा लागतो.

आणि विसरू नका, वू यांना जपानातही पूर्ण आपलं मानलं नाही. लग्नानंतर त्यांचं कागदोपत्री आडनाव जपानी झालं होतं, तरी शोधनिबंधांवर त्यांनी ‘वू’च ठेवलं. त्या काळात ते लिहिणं सोपं नव्हतं.

उंबर

अण्णा, हे पटलं. माझ्या पहिल्या पोस्टमधलं ‘चटकन दिसणारा चमत्कार’ हे कारण ह्वांग आणि तोंगिलला जास्त लागू पडतं. वू यांच्या बाबतीत तुमचंच कारण वजनदार आहे. किहारांचं नाव गेलं तेही त्याचमुळे: जपानी शोधक ठेवला असता तर तीच अडचण पुन्हा आली असती.

१९५९ मध्ये मृत्यूच्या थोडे दिवस आधी, रुग्णालयातच, त्यांना सरकारनं सांस्कृतिक पदक दिलं. देशानं मला ओळखलं, अशा अर्थाचं ते बोलल्याची नोंद आहे. ओळखलं, पण अर्धं, असं मला आता वाटतं. आता त्यांची मोहरी तरी मुलांपर्यंत पोचायला हवी.

तिखटमीठ

शिवारदादा, एक विचारू? त्रिकोणाचा आज शेतात काही उपयोग होतो का, की तो नुसता समजून घेण्यापुरता?

शिवार

होतो, चांगलाच. आपली मोहरी मुळात फार थोड्या संकरांतून जन्मली, त्यामुळे तिच्यात विविधता कमी. म्हणून पैदासकार आजही सलगमाची जात आणि काळी मोहरी पुन्हा एकत्र करून नव्यानं मोहरी घडवतात आणि मग तिचा चालू वाणांशी संकर करतात. भारतातही हे काम चालतं. मूळ जातींत रोगाला तोंड देणारी जी जनुकं राहून गेली, ती अशी मोहरीत आणता येतात. रेपसीडमध्येही तेच. २०११ मध्ये चिनी कोबीचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, आंतरराष्ट्रीय गटानं वाचला, त्यात कोरियन संशोधक होते. आणि १९३५ ची मांडणी गुणसूत्रं मोजून केलेली असूनही डीएनएच्या वाचनात टिकली.

घरी करून बघायचं असेल तर डब्यातली मोहरी आणि भाजीवाल्याकडचं सलगमाचं बी शेजारी-शेजारी कुंडीत लावा, हिवाळ्यात. पहिली पानं आली की दोघींचं नातं डोळ्यांना दिसेल. कोबीचं बी मिळालं तर तेही लावा.